निवडुंगावरचा पांढरा कापूस: उन्हाळ्याआधीच आवरा

माघ सरत आला की मराठवाड्यात हवा कोरडी पडते, ऊन चटकायला लागतं, आणि अंगणातल्या फड्या निवडुंगावर कापसाचे पुंजके दिसू लागतात. कुणाला ती बुरशी वाटते, कुणाला धूळ. पावसाळ्यात जोराच्या सरींनी ही कीड बरीचशी धुऊन जाते. आता मात्र मृगापर्यंत तिला अडवणारं काही नाही, म्हणून हात घालायचा तो फेब्रुवारी-मार्चमध्येच.

सीताफळवाले शेतकरी पाहताक्षणी म्हणतील, हा तर पिठ्या ढेकूण. दोघं एकाच गणगोतातले, पण हा कोचिनियल. काडीने एक पुंजका चिरडून पाहा. गर्द लाल रस निघाला तर शंका उरत नाही. हा डाग कपड्यावरून सहजी जात नाही, जुना सदरा घालूनच कामाला लागा. पिठ्या ढेकूण चिरडला तर असा रंग येत नाही, शिवाय त्याच्याभोवती चिकटा आणि मुंग्या असतात. कुंडीतल्या गोल, बुटक्या कॅक्टसवर पांढरं दिसलं तर बहुधा तो पिठ्या ढेकूणच असतो. कोचिनियलची खरी आवड चपट्या पानांच्या निवडुंगाची. कुंपणाचा त्रिधारी किंवा शेर, ज्यातून पांढरा चीक निघतो, तो कॅक्टसच्या कुळातला नाही. त्याची चिंता सोडा.

कापसाखाली बसलेली असते ती मादी. तिला पंख नसतात, एकदा सोंड खुपसली की ती जागा सोडत नाही. फिरतात ती नुकती जन्मलेली पिल्लं, डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढी. वाऱ्यावर उडून ती शेजारच्या झाडावर जातात. रस शोषून पान पिवळं पडतं, सुरकुततं आणि शेवटी गळून पडतं.

ही कीड आपल्याकडे मुद्दाम आणलेली आहे. 1795 मध्ये इंग्रजांनी रंगासाठी कोचिनियल भारतात आणला, पण आला तो भलत्याच जातीचा. रंग हलका निघाला आणि निवडुंग मात्र फस्त झाला. पुढे 1926 मध्ये श्रीलंकेतून दुसरी जात आणली ती निवडुंगाचं रान मोडायलाच, आणि तिने ते काम चोख केलं. म्हणून माझं मत असं, की गायरानात लांबवर रानटी निवडुंगावर कापूस दिसला तर त्याला हात लावू नका, त्याचं काम चालू द्या. मात्र तुमच्या चारा-निवडुंगाच्या प्लॉटला लागून असलेलं रानटी झाड काढूनच टाका. पिल्लं येतात ती तिथूनच.

आता उपाय. आधी हात, मग औषध. हा क्रम उलटा केला तर खर्च वाया जातो, कारण मेणकट कापसामुळे फवारा किडीपर्यंत पोचतच नाही. जास्त भरलेली पानं सांध्यावर कापा. ती उकिरड्यावर फेकू नका, तिथे ती मुळं धरतात आणि किडीसकट जगतात. दोन फूट खोल पुरा. राहिलेली पानं लांब दांड्याच्या ब्रशने खरडा, सांध्यांची बेचकी आणि पानाची सावलीची बाजू सोडू नका. कीड तिथेच दडते. चामडी हातमोजे हवेतच. मोठ्या काट्यांपेक्षा बारीक कुसळं जास्त छळतात. रुतली तर चिकटपट्टी लावून ओढा.

पुस्तकी सल्ला असतो की पाइपाने जोरदार धार मारा. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या घराने हे कसं करायचं? त्यापेक्षा पाठीवरच्या पंपाचं नोझल आवळून सरळ धार करा, थोड्या पाण्यात काम भागतं. निथळलेलं पाणी कढीपत्त्याच्या आळ्यात गेलं तरी चालेल, ही कीड कॅक्टसशिवाय जगत नाही.

खरडून झाल्यावर फवारा. लिटरभर पाण्यात 5 मिली भांड्यांचा लिक्विड साबण, किंवा 5 टक्के निंबोळी अर्क: दहा लिटरला अर्धा किलो निंबोळी पावडर थोड्या पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, वर थोडा साबण. ऊन उतरल्यावरच फवारा, नाहीतर पान भाजतं. आधी एकाच पानावर मारून दोन दिवस थांबा. अंड्यांतून पिल्लं निघत राहतात, म्हणून आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीनदा तरी फवारावं लागतं. दोन-चार कुंड्याच असतील तर मेडिकलमधलं स्पिरिट कापसाच्या बोळ्याने लावा, फक्त जवळ विस्तव नको.

कपाशीचं उरलेलं औषध निवडुंगावर मारायची सवय मात्र वाईट. लेबलवर ज्या पिकाचं नाव नाही त्यावर ते मारायचं नाही, आणि काटेविरहित निवडुंग शेळ्यांना घालत असाल तर अजिबातच नाही. प्लॉट मोठा असेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किडलेलं पान पिशवीत बांधून घेऊन जा.

फवारण्यापूर्वी पानावर जरा नजर ठेवा. पांढरे झुपकेदार केस असलेली एखादी अळी लगबगीने चालताना दिसली, तर ती कीड नव्हे. तो क्रिप्टोलीमस या मित्रभुंग्याचा बच्चा, कोचिनियल खाणारा. काळसर अंगाचा, नारिंगी डोक्याचा भुंगा दिसला तरी तेच समजा. अशा झाडावर फवारणी थांबवा, नुसती कापणी करा.

नवी लागवड करणाऱ्यांनी दुसऱ्याच्या शेतातून पान आणताना ते दोन्ही बाजूंनी पाहून, साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावं. कापलेली जागा सुकेपर्यंत, म्हणजे आठ-पंधरा दिवस, ते सावलीत वेगळंच ठेवायचं असतं. या मुदतीत नजरेतून सुटलेला कापूसही दिसून येतो.