गायरानाची तब्येत तपासायला शिकवताय? या चुका टाळा

येवला-सिन्नरच्या माळावर गावातल्या पोरांना गवत मोजायला शिकवताना माझी पहिली बॅच पार फसली होती, म्हणून लिहितोय. चूक पोरांची नव्हती, माझीच. दोन दिवस हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून बडबड केली आणि तिसऱ्या दिवशी डायरेक्ट माळावर. मीटर बाय मीटरची चौकट टाकली तर एकाने गवताचं आच्छादन 70 टक्के लिहिलं, दुसऱ्याने 30, आणि गंमत म्हणजे दोघंही बरोबर! एक जण वरून पसरलेली पाती बघत होता, दुसरा वाकून ठोंबांची बुडं बघत होता, आणि नक्की काय बघायचं हे मी सांगितलंच नव्हतं.

आता मी 10 मीटरची दोरी नेतो, दर 10 सेंटिमीटरला गाठ, म्हणजे 100 गाठी. गाठीच्या बरोबर खाली जमिनीवर काय आहे तेवढंच लिहायचं: ठोंब, पालापाचोळा, दगड, नाहीतर उघडी माती. 27 गाठींखाली उघडी माती असेल तर 27 टक्के, वादच नाही. रोज सकाळची पहिली दोरी मात्र सगळ्यांनी न बोलता वेगवेगळी मोजायची, मग वह्या उघडायच्या. आकड्यांत फार फरक आला तर तीच दोरी परत.

दुसरी चूक, हिरवं दिसलं की खूश होणं. पावसाळ्यात टाकळा माजतो, माळ हिरवागार दिसतो, पण हिरव्या टाकळ्याला गुरं तोंड लावत नाहीत. मारवेल, पवन्या ही गुरांची आवडती गवतं कमी होऊन कुसळी गवत, टाकळा, घाणेरी वाढत असेल तर माळ आजारी आहे असं समजा. आणि जूनमध्ये गवत ओळखायला बसवू नका हो, तुरे यायच्या आधी भलेभले गोंधळतात, सप्टेंबर-ऑक्टोबर बरा.

गवत किती निघतं ते तोलायला मात्र चौकटच लागते, आतलं गवत कापून. ती दाट गवत बघून टाकायचा मोह सगळ्यांनाच होतो, म्हणून दिशा आणि पावलं आधीच ठरवा. वजन सुक्या गवताचंच धरा. चौरस मीटरला 250 ग्रॅम सुकं म्हणजे हेक्टरी 2,500 किलो, ओलं तोललंत तर भलताच आकडा येईल.

कुरणाची तब्येत तपासायचा अमेरिकेतला 17 निर्देशकांचा, म्हणजे खुणांचा, तक्ता मराठी करून तसाच वाटायचा उद्योगही मी केलाय. त्यात ती जागा मुळात कशी असायला हवी याच्याशी तुलना असते. मुरमाड टेकाडाची तुलना काळ्या मातीच्या कुरणाशी केली की टेकाड नापास होणारच ना. त्यापेक्षा ठोंबाखालची माती वाहून मुळं उघडी पडलीत का, ढेकूळ पाण्यात टाकल्यावर लगेच विरघळतं का, हे पोरांना स्वतःच्या हाताने करू द्या.

राहिला फोटो. दरवर्षी त्याच जागेवरून, त्याच दिशेने काढायचा. मी खूण म्हणून लोखंडी खुंटी ठोकली होती, पुढच्या वर्षी गेलो तर ती गावात कुणाच्या तरी दारात, शेळी बांधलेली. आता दगडावर ऑइलपेंट मारतो.