ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलताय? अपग्रेडवर पैसे घालण्याआधी या चुका टाळा

संध्याकाळी घोडबंदर रोडवर, गायमुखच्या चढाला ट्रकांमागे रांगणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सचं तेल जितकं तापतं, तितकं ते एक्स्प्रेस वेवर शंभरच्या वेगाने पुण्याला जातानाही तापत नाही. वेगात असताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून बॉक्सला देणारा भाग) लॉक, म्हणजे इंजिनाशी सरळ जोडलेला असतो आणि समोरून वारा असतो. रांगताना दोन्ही नसतं, इंजिनाची बरीचशी ताकद तेल घुसळण्यात जाते आणि तिची उष्णता होते. ठाणे-नवी मुंबईत रोज चालणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स ओव्हरहॉलसाठी उतरवला असेल, तर अपग्रेडचा विचार इथून सुरू व्हायला हवा. प्रत्यक्षात तो सुरू होतो परदेशातल्या ड्रॅग रेसचे व्हिडिओ बघून.

वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे या पट्ट्यातल्या गॅरेजांत आता सेकंड हँड बीएमडब्ल्यू भरपूर दिसतात, त्यातल्या कितीतरी रिमॅप केलेल्या, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेल्या. म्हणून उदाहरणं त्यांच्यातल्या झेडएफ या जर्मन कंपनीच्या सहा आणि आठ गिअरच्या बॉक्सची देतो. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या बाकीच्या गाड्यांनाही हिशेब तोच लागू होतो. डीएसजीचं (दुहेरी क्लचच्या बॉक्सचं) प्रकरण वेगळं, ते इथे नको.

कारण न शोधता पार्ट मागवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बॉक्स अजून गाडीखाली लटकतोय आणि मालकाने जास्त ग्रिपच्या क्लच प्लेटची ऑर्डर देऊन टाकलेली असते. "दादा, किट येतंय, तुम्ही फक्त बसवा." बसवता येईल, पण जुनी प्लेट का जळली ते कोण सांगणार?

ते सांगते स्टील प्लेट. क्लचमध्ये अस्तराच्या (फ्रिक्शन) प्लेट आणि स्टील प्लेट एकाआड एक असतात. ती पुसून उजेडात तिरपी धरा. सगळीकडे सारखा करडा रंग असेल तर ती आपलं काम सरळ करत होती. कडेने निळे-काळे डाग उमटले असतील तर तिथे प्लेट घसरून तापली. आता बाकीचे क्लचही असेच बघा. एकाच क्लचच्या प्लेट जळल्यात आणि शेजारच्या चांगल्या आहेत, तर दोष प्लेटचा असण्याची शक्यता कमी. त्या क्लचला पोचणारं तेलाचं प्रेशर वाटेत कुठेतरी गळतंय. वॉल्व्हचा बोअर झिजलेला असेल, पिस्टनचं सील चिरलं असेल, किंवा मेकॅट्रॉनिक (तेलाचे वॉल्व्ह आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र असलेला भाग) आणि बॉक्सची बॉडी यांच्यामधली रबरी सीलं कडक झाली असतील. सहा गिअरच्या झेडएफमध्ये ही सीलं वयाने हमखास कडक होतात. जुनं सील काढून नखाने दाबून बघा. ते प्लास्टिकसारखं लागलं तर तुमचा आजार तिथेच सापडला. या सीलांची किंमत क्लच पॅकच्या मानाने किरकोळ असते. ती न बदलता महागड्या प्लेट टाकल्या तर त्याही त्याच जागी जळतील.

सगळेच क्लच जळले असतील तर तेलाची पातळी, पंप आणि कन्व्हर्टर तपासा. तेल गुलाबी-दुधाळ निघालं तर त्यात पाणी किंवा कूलंट शिरलंय. हीट एक्स्चेंजर (कूलंटने बॉक्सचं तेल थंड करणारा भाग) आतून फुटला की असं होतं. पावसाळ्यात वंदना टॉकीजजवळच्यासारख्या तुंबलेल्या पाण्यात तापलेली गाडी घातली, तर बॉक्स एकदम थंड होऊन ब्रीदरमधून (हवा जाण्यायेण्याच्या भोकातून) पाणी आत ओढू शकतो. फ्रिक्शन प्लेटचं अस्तर कागदी धाग्यांचं असतं, पाण्याने ते फुगतं आणि सुटतं. अशा वेळी प्लेट वरून चांगल्या दिसल्या तरी एकही परत वापरू नका.

बॉक्सची मूळ क्षमता न बघणं

झेडएफच्या सुरुवातीच्या आठ गिअरच्या बॉक्सचं नावच बरंच सांगून जातं. ८एचपी४५ हा साधारण ४५० न्यूटन मीटर टॉर्कच्या (इंजिनाच्या पिळाच्या जोराच्या) वर्गातला, ८एचपी७० हा ७०० च्या. पुढच्या पिढ्यांच्या नावांत हा हिशेब इतका सरळ राहिला नाही, पण आपल्याकडे ओव्हरहॉलला येणाऱ्या वयाच्या गाड्यांना तो चालतो. ३२८आयचं इंजिन कंपनीतून ३५० न्यूटन मीटर देतं आणि मागे ८एचपी४५ आहे. रिमॅपनंतर टॉर्क ४५० च्या आसपास गेला तर हाताशी फारसं काही उरत नाही, क्लच मजबूत करायचा विचार रास्त आहे. ५३०डी मात्र ५४० ते ५६० न्यूटन मीटरची आणि बॉक्स ८एचपी७०. साध्या रिमॅपसाठी तिथे कंपनीच्याच दर्जाच्या नव्या प्लेट पुरतात. उरलेले पैसे कूलिंग आणि कन्व्हर्टरवर लावा.

रिमॅपवाल्याला आणि गिअरबॉक्सवाल्याला वेगळं ठेवणं

याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. आधुनिक बॉक्स क्लचवर किती प्रेशर द्यायचं हे स्वतः मोजून ठरवत नाही. इंजिनाचा कंप्युटर, म्हणजे ईसीयू, त्याला सांगतो, "आत्ता एवढा टॉर्क येतोय," आणि त्या आकड्यावरून बॉक्सचा कंप्युटर, म्हणजे टीसीयू, प्रेशर ठरवतो. घाईघाईत केलेल्या रिमॅपमध्ये इंजिन प्रत्यक्षात जास्त टॉर्क देतं, पण ईसीयू सांगतो जुनाच आकडा, कारण टॉर्कवर मर्यादा घालणारे लिमिटर आड येऊ नयेत म्हणून टॉर्कची टेबलं तशी बदललेली असतात. बॉक्स बिचारा कमी भाराचं प्रेशर देतो आणि जास्त भाराखाली क्लच थोडा थोडा घसरत राहतो. चालवताना काही कळत नाही. काही महिन्यांनी तेलाला जळका वास येतो.

अशा गाडीत कितीही भारी प्लेट टाका, आयुष्य तेवढंच. ओव्हरहॉलचा निर्णय घेण्याआधी ट्यूनरला (रिमॅपवाल्याला) सरळ विचारा की टॉर्क मॉडेल (ईसीयूमधला टॉर्कचा हिशेब) खऱ्या आकड्यांवर आहे का आणि टीसीयूचं ट्यूनिंग त्याला जुळवलंय का. स्पष्ट उत्तर मिळालं नाही तर बॉक्स बसवण्याआधी इंजिन मूळ मॅपवर परत आणा. एवढा खर्च करून बांधलेला बॉक्स खोट्या आकड्याच्या भरवशावर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

जादा प्लेट आणि झटक्याची हौस

क्लचची पकड प्लेटची संख्या, प्रेशर आणि अस्तर यांवर ठरते. म्हणून ड्रममध्ये (प्लेट बसतात त्या डब्यात) एक फ्रिक्शन प्लेट जास्त बसवायची कल्पना आकर्षक वाटते. पण ड्रमची जागा तेवढीच, त्यामुळे स्टील प्लेट पातळ कराव्या लागतात. गिअर बदलताना निर्माण होणारी उष्णता शोषून घेते ती स्टील प्लेटच. पातळ स्टील लवकर तापतं आणि वाकडं होतं. ड्रॅग रेसच्या स्ट्रिपवर काही सेकंद धावणाऱ्या गाडीला हे परवडतं. ऐरोली ते ठाणे रोज पहिल्या-दुसऱ्यात खेळणाऱ्या गाडीला जाड स्टीलच हवं.

प्रेशर वाढवून गिअर झटक्याने पाडून घेणारेही खूप. गिअर लवकर पडला की घसरण कमी होते, हे खरं. पण दणका बसेल इतकं प्रेशर वाढवलं की ड्रम, सील रिंग आणि पुढे डिफरन्शियलपर्यंत सगळ्यांना मार बसतो. वॉल्व्ह बॉडीत झिजलेले बोअर रीम करून (घासून मोठे करून) मोठ्या मापाचे वॉल्व्ह बसवणं हे मात्र उत्तम अपग्रेड आहे, कारण त्याने गेलेलं प्रेशर परत मिळतं.

हाय स्टॉल कन्व्हर्टर, म्हणजे जास्त आरपीएमपर्यंत घसरू देणारा? आठ गिअरच्या बॉक्सला पहिल्या गिअरचं गुणोत्तरच सुमारे ४.७ आहे, उचल भरपूर मिळते. शहरात हाय स्टॉल म्हणजे नुसती उष्णता. नको.

कूलरमध्ये अर्धवट काम

समोर एअर कूलर लावला आणि पंखा दिला नाही, तर तो मानपाड्याच्या सिग्नलला काही उपयोगाचा नाही. वेगळा कूलर लावायचाच तर थर्मोस्टॅटवर चालणाऱ्या पंख्यासकट लावा आणि मूळ हीट एक्स्चेंजरही कायम ठेवा. जुना कूलर आणि पाइप नुसते फुंकर मारून परत जोडू नका, आत अडकलेली भुकटी नव्या बॉक्समध्ये पहिल्याच दिवशी उतरते. कन्व्हर्टरचंही तेच. धुऊन तो साफ होत नाही. कापून नवं लॉकअप अस्तर लावून, बॅलन्स करून वेल्ड करावा लागतो, नाहीतर बदलावा लागतो.

गाडी चालू झाल्यावर

बांधलेला बॉक्स नीट चालत नाही म्हणून तो लगेच परत उतरवायची घाई करू नका. आधी तेलाची पातळी बघा. झेडएफमध्ये ती इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट उभी करून, तेल साधारण ४० अंशांवर असताना फिलर प्लगमधून बारीक धार येते का यावरून ठरते. तापमान स्कॅनरवर वाचा, हाताने अंदाज नको. तेल झेडएफने सांगितलेल्या प्रतीचंच घाला. आठ गिअरच्या बॉक्सचा लॉकअप क्लच बराच वेळ किंचित घसरत चालतो, चुकीच्या तेलात ७०-८० च्या वेगाला हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी थरथरते आणि लोक कन्व्हर्टरला दोष देतात.

थांबताना झटका बसत असेल किंवा गिअर पडताना आरपीएम उसळत असेल, तर जुनी अडॅप्टेशन पुसली का ते विचारा. टीसीयूने जुन्या, झिजलेल्या प्लेटच्या हिशेबाने शिकलेली मापं तशीच राहिली तर नवा बॉक्स वेडावाकडा वागतो. ती स्कॅनरने पुसून अडॅप्टेशन ड्राइव्ह करावी लागते. रविवारी पहाटे पाम बीच रोड त्यासाठी चांगला. तेल नेहमीच्या तापमानाला आलं की हलक्या पायाने सगळे गिअर चढू द्या, मग पाय काढून हळूहळू थांबेपर्यंत उतरू द्या, आणि हे पुन्हा पुन्हा करा. रिव्हर्स उशिरा लागत असेल आणि यातूनही फरक पडला नाही, तर मात्र गळतीचाच संशय घ्या.

साधारण हजार किलोमीटरनंतर तेल आणि फिल्टर बदला. झेडएफचा फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, त्यामुळे अख्खा पॅन येतो. तो उघडताना स्वतः गॅरेजमध्ये हजर राहा आणि पॅनमधले चुंबक पुसण्याआधी बघा. करडा, लोण्यासारखा थर असेल तर ठीक. चमकणारे कण किंवा अस्तराचे तुकडे असतील तर गाडी तिथेच ठेवा.