बर्फाच्या देशात जुना ट्रक घेताय? आधी खाली वाका

डोंगरवाटांचा नाद असलेली आपली मंडळी इथे आली की पहिल्याच वर्षी जुना फोर-व्हील पिकअप शोधू लागतात. इंजिन ऐकतात, टायर बघतात, रंगावरून हात फिरवतात. ते सगळं नंतर. आधी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरा. बर्फ वितळवायला इथे रस्त्यावर मीठ टाकतात आणि गाडी मरते ती खालून.

फ्रेमच्या, म्हणजे गाडीच्या पोलादी सांगाड्याच्या, पोकळीत चिखल साचतो, पाणी निघायची भोकं बुजतात आणि खारं पाणी आतच मुरतं. बाहेर जेमतेम डाग दिसत असतो, तोवर आतून पत्रा पापडासारखा झालेला असतो. नावावर जाऊ नका. आपल्याच टाकोमा, टुंड्रा, सेक्वोया गाड्यांच्या गंजक्या फ्रेमपायी टोयोटाने अमेरिकेत २०१६ साली गाडीमालकांच्या दाव्यात ३.४ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड केली. हातोडीने हलकं ठोकत जा. आवाज बद्द आला तर तिथे पेचकस टोचून बघा. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) अडकवणारे हँगर आणि शॅकल फ्रेमला जोडलेत तिथे जास्त वेळ घालवा. खाली ताजा काळा रंग चोपडलेला असेल तर मला आधी संशयच येतो.

गाडी घेतलीत, आता राखायची. हिवाळ्यात पारा शून्यावर चढेल त्या दिवशी खालून भरपूर पाण्याने धुवा, पोकळीच्या भोकांतूनही. गरम गॅरेज गाडीला मानवतं हा गैरसमज आहे. मिठाचा बर्फ तिथे वितळतो आणि गंज जोरात चढतो. बाहेर गोठलेली गाडी त्यापेक्षा सावकाश गंजते. हिवाळा लागण्याआधी कोरड्या, स्वच्छ फ्रेमवर तेलाचा किंवा लॅनोलिनचा (लोकरीतल्या मेणचट पदार्थाचा) थर मारा, दरवर्षी. जुन्या गंजावर जाड रबरी कोटिंग नकोच. त्याला तडा गेला की पाणी आत कोंडतं. ब्रेक आणि सायलेन्सरवर काहीही उडू देऊ नका.

सस्पेन्शनमध्ये मला धास्ती बॉल जॉइंटची, म्हणजे पुढचं चाक वळू आणि हलू देणाऱ्या गोल सांध्याची. रबरी बूट फाटला की चिखल-पाणी आत जातं, ग्रीस वाहून जातं आणि सांधा झिजतो. खालचा जॉइंट निसटला तर चाक आडवं होतं, मग स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. गाडी जॅकने उचलून स्टँडवर टेकवा, चाक वर-खाली धरून हलवा. खडखड जाणवली तर जॉइंट बदला. 'एवढी एक ट्रिप होऊ दे' म्हणू नका. प्रेशर वॉशरचा झोत बूटवर धरू नका. ग्रीस निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) असेल तर हळूहळू भरा, बूट किंचित फुगला की थांबा.

सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश नवीन टाकले तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. चाकं लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली आली की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. घाईत असलेला मेकॅनिक हे हमखास टाळतो, म्हणून आधीच बजावून ठेवा. पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट एकदा काढले की पुन्हा तेच वापरू नयेत. नवे बसवल्यावर पहिल्या खडकाळ वाटेहून परतलात की टॉर्क रेंच (किती जोराने आवळलंय ते दाखवणारा पाना) लावून बघा.