बडोद्याच्या पावसाळ्यात एएफएमची फेज इमेज पुसट येते तेव्हा

एएफएम म्हणजे कंप पावणाऱ्या बारीक टोकाने (टिपने) पृष्ठभाग चाचपणारा सूक्ष्मदर्शक. पी३एचटी-पीसीबीएम (सेंद्रिय सौरघटातलं पॉलिमर-फुलरीन मिश्रण) फिल्मचा उंचीचा नकाशा ठीक, फेज इमेज (पदार्थांतला फरक दाखवणारी) मात्र पुसट. मधूनच काळ्याचं पांढरं व्हायचं. टिप बदलून फरक शून्य. जुलैतल्या दमट हवेत नमुन्यावर पाण्याचा पातळ थर बसतो, टिप त्यात चिकटते आणि आकर्षण-प्रतिकर्षणात हेलकावत राहते. बंद हुडात कोरडा नायट्रोजन सोडला, आर्द्रता ३० टक्क्यांखाली आल्यावरच स्कॅन लावला. टिप धरणाऱ्या पट्टीचा, म्हणजे कॅन्टिलिव्हरचा, कडकपणा ४० न्यूटन प्रति मीटर, कंपनसंख्या ३०० किलोहर्ट्झ. सेटपॉइंट (स्कॅन करताना राखायचा कंपनाचा आवाका) मुक्त ॲम्प्लिट्यूडच्या, म्हणजे टिप मोकळी असतानाच्या आवाक्याच्या, ७० टक्के. मग १ मायक्रॉनच्या चौकोनात १०-२० नॅनोमीटर रुंदीचे पी३एचटीचे तंतू सुटे दिसले. नायट्रोजनचा झोत मंदच ठेवा, नाहीतर कॅन्टिलिव्हर थरथरतो. अर्थात हा नुसता पृष्ठभाग. आतलं पाहायचं तर खालचा पेडॉट-पीएसएस हा पॉलिमरचा थर पाण्यात विरघळवून तरंगणारी फिल्म टीईएमच्या (नमुन्यातून आरपार इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या) जाळीवर उचलावी लागते.