कासवाच्या पेटीत कोळी निघाला? या चुका टाळा

मिरगाचा पाऊस लागला की किडामुंगी घराचा आसरा धरते, हे कोकणात कुणाला सांगायला नको. आमच्या पडवीत लाल पायांच्या कासवाची चौपायी लाकडी पेटी आहे. गेल्या आषाढात त्यातला आडोशाचा चिरा उचलला, तर खालच्या बाजूला तळहाताएवढा तपकिरी कोळी पाय पसरून चिकटलेला. हात आधी फवाऱ्याच्या डब्याकडेच गेला. वेळेवर थांबलो म्हणून बरं.

फवारा मारू नका

झुरळांच्या फवाऱ्यात बहुधा पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं. ते कोळ्यावर पडतं तसंच मातीवर, पाण्याच्या ताटलीवर आणि पाल्यावरही बसतं. कासव जमिनीला नाक लावून चालतं आणि तिथलंच खातं, म्हणजे सगळं त्याच्या पोटात. मुंग्यांचा खडू, डांबरगोळ्या, फिनेलही नकोच. कुणी आधीच फवारलं असेल तर कासव बाहेर काढून कोमट पाण्याने धुवा, माती आणि खाली अंथरलेली नारळाची सोडणं सगळी फेकून द्या, पेटी साबणाने धुऊन कडक वाळवा आणि पशुवैद्याला फवाऱ्याचं नाव सांगा.

न ओळखता मारू नका

चपटा, खेकड्यासारखे पाय बाजूला टाकणारा, जाळं न विणणारा कोळी बहुतेक हंट्समन असतो. तो झुरळं खातो. मादी पांढरी, चपटी अंडपिशवी पोटाखाली धरून फिरते. माणसाला चावला तर दुखतं, थोडी सूज येते, सहसा तेवढंच. कासवाच्या वाटेला तो जात नाही. कोपऱ्यातल्या बारीक लांब पायांच्या कोळ्यांना तर हलवायचीही गरज नाही.

मात्र दगडाखाली विस्कटलेल्या जाळ्यात काळसर, गोल पोटाचा कोळी दिसला, किंवा जांभ्यातल्या बिळाच्या तोंडाशी रेशमी अस्तर दिसलं, तर बोट घालू नका. आधी कासव दुसरीकडे न्या.

हंट्समन हलवायचा तर रुंद तोंडाची प्लॅस्टिकची बरणी वरून ठेवा आणि खालून जाड पुठ्ठा सावकाश सरकवा. तो फार चपळ असतो, घाई केलीत तर हातावरून पळेल. बाहेर लाकडांच्या राशीत सोडा.

कासवाच्या आजाराचं खापर कोळ्यावर फोडू नका

या चुकीत उपचाराचे दिवस वाया जातात. कासवाने खाणं सोडलं की "कोळी चावला" म्हणून हळद-तेल लावत बसतात. नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, सुजलेले डोळे ही ओल आणि गारव्याने होणाऱ्या श्वसनाच्या आजाराची लक्षणं आहेत. पोटाकडच्या कवचाला मऊ, वास मारणारा डाग पडला असेल तर कवच कुजतंय. दोन्हींसाठी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठा.

(पेटीतलं कासव पिवळ्या चांदण्यांच्या नक्षीचं, म्हणजे तारा कासव असेल, तर प्रश्न कोळ्याचा नाहीच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते घरी पाळता येत नाही. वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. परदेशी कासवाचीही नोंदणी लागते.)

कोळी कशासाठी आला ते बघा

आमच्या चिऱ्याखाली झुरळांचे पंख पडले होते. त्यामागचं कारण होतं रात्रभर तसाच राहणारा पिकल्या पपईचा तुकडा. झुरळं पपईला आली, कोळी झुरळांना. आता दिवेलागणीआधी उरलेलं फळ उचलतो आणि ओली सोडणं लगेच बदलतो.

खरी धास्ती लाल मुंग्यांची. त्या कासवाच्या डोळ्यांना आणि पायांजवळच्या मऊ कातडीला चावतात. जुन्या घरांत फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तसेच पेटीचे ठेवा. पेटी भिंतीला टेकू देऊ नका, नाहीतर मुंग्या भिंतीवरून येतील. वाट्यांतलं पाणी दर तिसऱ्या दिवशी बदला, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतात.