भजनाच्या मंचावर स्टुडिओचा कंडेन्सर माइक वापरताना

घरी ध्वनिमुद्रणासाठी घेतलेला मोठ्या डायफ्रॅमचा (आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याचा) कंडेन्सर माइक गणपतीत किंवा गावच्या जत्रेत मंचावरही लावावा, अशी इच्छा कोकणातल्या अनेक भजनी मंडळांना होते. ती चुकीची नाही. पेटीचे सूर आणि पखवाजाच्या शाईचा नाद असा माइक जितका स्वच्छ पकडतो तितका साधा डायनॅमिक माइक सहसा पकडत नाही. मात्र फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) थोडा वर जाताच स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून शिट्टी सुरू होते आणि ‘कंडेन्सर फार सेन्सिटिव्ह, तो लांबचे ओढतो’ असे म्हणून माइक खोक्यात परत जातो. हे निदान अर्धेच खरे आहे, आणि त्यामुळे उपायही चुकतो.

शुअर एसएम58 या मंचावरच्या सर्वपरिचित माइकची संवेदनशीलता सुमारे उणे 54.5 डेसिबल आहे, तर रोड एनटी1-ए या स्टुडिओ माइकची सुमारे उणे 32 डेसिबल. म्हणजे त्याच गेनवर (मिक्सर माइकचा आवाज जितका वाढवतो ते प्रमाण) दुसऱ्या माइकचा आवाज साधारण 22 डेसिबलने अधिक येतो. गेन तेवढा खाली घेतला की हा फरक संपतो. आवाज जवळचा आहे की लांबचा, हे कोणत्याही माइकला कळत नाही. त्याच्यापाशी पोचलेला हवेचा दाब तो विजेत बदलतो, एवढेच. म्हणून गायकाचा आवाज आणि स्पीकरचा आवाज माइकपाशी कोणत्या प्रमाणात पोचतात, यावर शिट्टी अवलंबून असते, आणि हे प्रमाण मुख्यतः अंतराने ठरते. अंतर दुप्पट झाले की थेट आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो. ओठांपासून 5 सेंटिमीटरवर धरलेला माइक स्टुडिओच्या सवयीने 20 सेंटिमीटरवर नेला, तर 12 डेसिबल तिथेच गेले. ते भरून काढायला गेन वाढवला की स्पीकरमधून परत येणारा आवाजही 12 डेसिबलने वाढतो. खरी अडचण ही आहे.

त्यामुळे मुख्य बुवांच्या आवाजासाठी डायनॅमिक माइकच ठेवावा. बुवा हातवारे करतात, कोरसकडे वळतात, आलापात मान मागे नेतात; स्टँडवर स्थिर असलेल्या मोठ्या माइकला हे मानवत नाही. आवाजासाठी कंडेन्सरच हवा असेल, तर मंचासाठीच बनवलेले न्यूमन केएमएस 105 किंवा शुअर बीटा 87ए यांसारखे सुपरकार्डिओइड (मुख्यतः समोरूनच ऐकणारे) माइक त्या कामाचे आहेत. दशावतारात पात्र माइकपासून मीटरभर लांब उभे राहून बोलते. 5 सेंटिमीटरच्या तुलनेत तिथे सुमारे 26 डेसिबलचा तोटा होतो, म्हणून त्या प्रयोगात संवादांसाठी स्टुडिओ माइकचा नाद सोडावा आणि तो बाजूला बसलेल्या वादकांपाशी लावावा.

स्टुडिओ माइकची उत्तम जागा म्हणजे पेटी. मोठ्या डायफ्रॅमचे बहुतेक माइक टोकाकडून नव्हे, तर बाजूने ऐकतात, हे आधी लक्षात घ्यावे. कंपनीचे चिन्ह किंवा छोटी खूण असलेली बाजू सहसा समोरची असते. डायनॅमिक माइकसारखे टोक पेटीकडे करून ठेवलेला कंडेन्सर पेटीऐवजी मांडवाचे छप्पर आणि शेजारचा झांजवाला ऐकत बसतो. खूण असलेली बाजू पेटीच्या वरच्या अंगाकडे, 20 ते 25 सेंटिमीटरवर, भात्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. ध्वनिग्रहणाचे आकार बदलता येणारा माइक असेल तर कार्डिओइड निवडावा. चहूबाजूंनी ऐकणारा आकार मंचावर वापरू नये. कार्डिओइड माइक नेमका पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर (गायक-वादकांकडे तोंड केलेला स्पीकर) त्याच्या थेट पाठीशी असावा. सुपरकार्डिओइडची बहिरी जागा मात्र समोरच्या दिशेपासून साधारण 125 अंशांवर, मागच्या दोन्ही कोपऱ्यांत असते. तिथे मॉनिटर थोडा तिरका ठेवावा लागतो. मुख्य स्पीकर माइकच्या रांगेच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून असावेत. चिऱ्याच्या भिंती, गुळगुळीत फरशी आणि वर पत्रे असलेल्या सभामंडपात आवाज सगळीकडून परततो, तिथे स्पीकर भिंतीवर मारण्याऐवजी थोडे खाली, बसलेल्या माणसांकडे झुकवावेत.

पखवाजापाशी माइक लावताना पॅडची (माइकचा आवाज ठरावीक प्रमाणात घटवणाऱ्या बटनाची) सोय असेल तर ती चालू करावी, कारण जवळून पडणारी थाप मिक्सरच्या पहिल्याच पायरीवर आवाज फाडू शकते. एकच माइक असेल तर तो दोन्ही तोंडांच्या मधोमध, थोडा वरून, शाईच्या बाजूला किंचित अधिक झुकलेला ठेवावा. झांजेला स्वतंत्र माइक देऊ नये. ती प्रत्येक माइकमध्ये आपणहून शिरते आणि कंडेन्सरमध्ये तर सर्वांत जास्त, कारण वरच्या पट्टीतले स्वर तो भरभरून घेतो. कोरसमधली माणसे स्वतःच झांजा वाजवत असतील, तर त्यांच्यासमोर कंडेन्सर लावून झांजेखेरीज फारसे काही हाती लागत नाही. तिथे दोन डायनॅमिक माइक तोंडाच्या उंचीवर, अगदी जवळ, हेच बरे.

उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपूर्वी मिळणारी मोकळीक सुमारे 3 डेसिबलने कमी होते. डबलबारीत, म्हणजे दोन मंडळांच्या भजनी सामन्यात, हा हिशेब फार उपयोगी पडतो. एका बुवांची बारी चालू असताना दुसऱ्या मंडळाचे सगळे चॅनेल म्यूट केले, तर तेवढी मोकळीक काहीही खर्च न करता परत मिळते. समोरच्या बुवांना मध्येच उत्तर द्यायचे असेल म्हणून त्यांचा एक माइक उघडा ठेवावा, पण त्यांची पेटी आणि पखवाज बंदच असावेत. मिक्सरवर बसणाऱ्याने यासाठी सबंध रात्र जागे आणि सावध राहायला हवे. हे काम मांडववाल्याच्या पोरावर सोडण्यासारखे नाही.

कंडेन्सरला मिक्सरकडून 48 व्होल्टची फँटम वीज लागते आणि ती तीन पिनांच्या एक्सएलआर केबलमधूनच मिळते. एका टोकाला साधा मोनो जॅक असलेली केबल चालत नाही. काही लहान मिक्सर 48 व्होल्टपेक्षा कमी वीज देतात. मग माइक दबका किंवा फाटका वाजतो. अनेक मिक्सरवर सर्व चॅनेलसाठी फँटमचे एकच बटन असते. नीट जोडलेल्या डायनॅमिक माइकला त्याने इजा होत नाही, पण जुन्या रिबन माइकला किंवा केबल सदोष असेल तर होऊ शकते. आधी चॅनेल म्यूट करून केबल जोडावी, मग फँटम चालू करून थोडे थांबावे आणि नंतरच फेडर उचलावा. काढताना फँटम बंद केल्यावर अर्धा मिनिट जाऊ द्यावे. वीज गेली आणि जनरेटर सुरू होणार असेल, तर मुख्य फेडर आधी खाली घ्यावा. फँटम परत येताना बसणारा धक्का स्पीकरचा हॉर्न निकामी करू शकतो.

आवाज जुळवताना पेटीच्या चॅनेलवर 100 हर्ट्झच्या आसपासचा लो-कट (त्याखालचे आवाज कापणारी गाळणी) लावावा. मंचाच्या फळ्यांवरून येणारी पावलांची धडधड त्याने बरीच कमी होते, आणि उरलेली शॉक माउंट (माइक लवचीकपणे धरणारी चौकट) अडवतो. नंतर गेन हळूहळू वाढवत पहिली शिट्टी येऊ द्यावी, ती कोणत्या पट्टीत आहे ते ओळखून ग्राफिक इक्वलायझरवर (आवाजाची प्रत्येक पट्टी स्वतंत्र चढवण्या-उतरवण्याच्या साधनावर) तेवढीच पट्टी 3 ते 6 डेसिबलने उतरवावी. तीन-चार पट्ट्यांनंतरही शिट्टी येत असेल, तर कापणे थांबवून माइक किंवा मॉनिटर हलवावा. सगळ्या पट्ट्या कापून उरलेला आवाज कंडेन्सरचा राहत नाही, मग तो लावण्याचा खटाटोप कशाला?

किनाऱ्यावर आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे दमट हवा. गणपती भाद्रपदात येतात, तेव्हा पाऊस संपलेला नसतो. कंडेन्सरच्या कॅप्सूलमधील विद्युतभार अतिशय उच्च रोधाच्या मंडलावर टिकून असतो. तिथे ओलाव्याचा पातळ थर बसला की भार गळतो आणि तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चरचर आवाज येतो. उघड्या मांडवात समुद्राचा वारा थेट येत असेल तर फोमचे आवरण घालावेच. कार्यक्रम संपल्यावर माइक उघड्यावर दव पडेपर्यंत ठेवू नये. कोरड्या फडक्याने बाहेरून पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. रंग बदलणारे निळे जेल गुलाबी झाले की ते गरम करून पुन्हा कोरडे करता येते. खारट हवेने एक्सएलआरच्या पिनांवर हिरवट थर चढतो, तोही वरचेवर पाहावा. चरचर सुरू झालेला माइक बंद करून एक-दोन दिवस कोरड्या, किंचित उबदार जागी ठेवावा, हेअर ड्रायरचा झोत कॅप्सूलवर मुळीच सोडू नये, आणि एवढे करूनही आवाज राहिला तर तो स्वतः न उघडता जाणकार दुरुस्तीकाराकडे द्यावा.