रायफलच्या धक्क्याने दचकायला होतं? ते असं घालवा

रायफलचा धक्का सगळ्यांनाच बसतो. नेम मात्र धक्क्यामुळे बिघडत नाही, त्याची धास्ती घेतलेल्या शरीरामुळे बिघडतो. दारू पेटल्यावर गोळी एक-दोन मिलिसेकंदांत नळीबाहेर पडते, तोवर रायफल जेमतेम हललेली असते. डोळे मिटणं, खांदा पुढे रेटणं, ट्रिगरला हिसका देणं हे सगळं त्याच्याही आधी घडून जातं. भित्रेपणाचा इथे संबंध नाही, भलेभले दचकतात.

आधी खात्री करून घ्या. रेंजवर प्रशिक्षकासमोर, सोबत्याला खऱ्या काडतुसांत मधूनच एखादं डमी (दारू नसलेलं, न उडणारं नकली काडतूस) मिसळून भरायला सांगा. कुठलं कधी येणार, हे तुम्हाला कळता कामा नये. डमी आलं की नुसतं ‘टक्’ होतं, आणि नळीचं तोंड खाली झुकलेलं स्वतःलाच दिसतं. दुसरा पुरावा लागत नाही. मात्र ‘टक्’ झालं की रायफल लगेच उघडायची नाही. खरं काडतूस उशिरा पेटण्याची शक्यता असते, म्हणून नळी लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबा.

आता कानांकडे वळा. अनेकांना खांद्यापेक्षा आवाजच दचकवतो, आणि ते त्यांच्या लक्षातही येत नाही. मोठ्या रायफलचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो. आत इअरप्लग आणि वरून इअरमफ, दोन्ही घाला. एवढ्यानेच निम्मं काम झालेलं मी पाहिलंय. मझल ब्रेकने, म्हणजे नळीच्या तोंडाला लावायच्या भोकांच्या तुकड्याने, धक्का कमी होतो, पण आवाज वाढतो, त्यामुळे आवाजाने दचकणाऱ्याला तो उलटाच पडतो.

मग दस्ता, म्हणजे रायफलचा खांद्याला टेकणारा मागचा भाग. तो गळ्याखालच्या हाडावर किंवा दंडावर नको, खांद्याच्या आतल्या खळग्यात घट्ट बसवा. सैल धरलात तर रायफल आधी वेग घेते आणि मग आदळते. टेबलावर वाकून बसल्यावर शरीराला मागे सरायला वाव राहत नाही, म्हणून तिथे धक्का जास्त लागतो. उभं राहून, किंचित पुढे झुकून गोळी झाडून बघा. दस्ता फार लांब किंवा आखूड असेल तर तो बदलून घ्या, रबरी पॅड लावा. रायफलवरच्या दुर्बिणीपासून डोळा लांब ठेवा, भुवईला एकदा कडा लागली की भीती पक्की बसते.

वजनाचा हिशेब साधा आहे. काडतूस तेच ठेवून रायफल साडेतीनऐवजी साडेचार किलोची घेतली, तर धक्क्याची ऊर्जा जवळपास पाव हिश्श्याने घटते. हलकी रायफल खांद्यावर वागवायला बरी, शिकायला नाही.

खरा इलाज पॉइंट टू टू, म्हणजे लहान काडतुसाची हलक्या धक्क्याची रायफल. तिचा धक्का थ्री-ओ-एटसारख्या मोठ्या काडतुसाच्या रायफलच्या तुलनेत जवळजवळ नसल्यातच जमा. काही आठवडे तिच्यावरच राहा, ट्रिगर हळू दाबा आणि बार उडताना डोळे उघडे राहतात का, तेवढंच बघा. घरी ड्राय फायर, म्हणजे गोळीविना नुसता ट्रिगर दाबायचा सराव, करायचं तर खोलीत खरी काडतुसं नकोत, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) दोनदा तपासा. पॉइंट टू टूमध्ये डमी घाला, नाहीतर फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी खीळ) खराब होऊ शकते.

मोठ्या रायफलकडे परतताना एका बैठकीत दहा-पंधरा गोळ्या पुरेत, शेवटच्या काही पुन्हा पॉइंट टू टूच्या. खांदा दुखायला लागला की थांबा. ‘सवय होईल’ म्हणून दात-ओठ खात झाडत राहिलात, तर सवय दचकण्याचीच लागते.